मासे : शून्य

पळसदरा, ९ सप्टेंबर २०२४

नमरा,

वरती 'चिरंजीव' लिहाची इच्छा झाली नाही, म्हून नुसतं नाव लिहिलं. तुया फोन मी उचलत नाही अन् उचलनारही नाही. फोनवरचं बोलनं मानूस उद्या फिरवते. जे सांगाचं ते कागदावर सांग, खाली सही करून.

तुया संस्थेचा नदीचा अहवाल ग्रामपंचायतीत आला. ग्रामसेवकानं चार लोकांसमोर वाचला. पान सोळा. 'पुलापासून बंधाऱ्यापर्यंत खोलीकरण झालेला भाग. मासे : शून्य. हा भाग जलचरांसाठी मृत समजावा.' मृत! तीन वर्साआधी मी सरपंच असतानी हेच काम उभं राहून करून घेतलं. उनातानात दोन महिने मशीनच्या मांगं फिरलो. आज त्या पट्ट्यातल्या एकवीस इहिरींले उन्हाळ्यात पानी राह्यते. ते तुले दिसलं नाही. तुले मासे दिसले नाही, तेवढंच दिसलं.

आता पुढचं काम होतं, पुलाच्या वरचं, मरळडोहापर्यंत. तुया एका पानानं फाइल वापस आली. 'डोहाला हात लावू नये.' कोन सांगते? तू? कारंज्यात बापाच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारेशी खेयनारी पोट्टी?

मोईनभाऊ तुले नागपूरले पाठवाले तयार नव्हता. मासोयीचं काय शिक्षन, म्हने. मीच बसून त्याले समजावलं, शिकू दे पोरीले. बरं शिकली. माया गावाले मेलं म्हनाले शिकली.

आता सांग, हे कोनाच्या सांगन्यावरून लिहिलं?

रामराव गावंडे

●

कारंजा, १७ सप्टेंबर २०२४

रामरावकाका, सलाम.

कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं नाही. नदीनं जे दाखवलं ते लिहिलं. फोनवर सांगायची जागा तुम्ही ठेवली नाही, म्हणून कागदावर सांगते, मी काय केलं ते.

१५ मे रोजी मी तीन ठिकाणी थांबले. पूल, बंधारा, मरळडोह. पहाटे उजाडताना प्रत्येक जागी पाण्यातला प्राणवायू मोजला, कारण त्या वेळी तो सगळ्यात कमी असतो आणि मासा तेव्हाच गुदमरतो. खोली मोजली, तळाची माती हातात घेतली, काठावरची झाडं मोजली. प्रत्येक ठिकाणी बारा वेळा जाळं टाकलं. डोहात नऊ जातींचे मासे लागले, मरळ धरून. बंधाऱ्यात बाराही वेळा जाळं रिकामं आलं. मी शून्य लिहिलं. दुसरं काय लिहायला हवं होतं?

तुमच्या मशीननं नदीचा नाला केला. काठ भिंतीसारखे सरळ उभे कापले, जांभळी आणि करंज पाडले, गोटे उचलून नेले. माशाला अंडी घालायला उथळ कडा लागते, लपायला मुळं लागतात, उन्हात सावली लागते. खोल खड्डा म्हणजे डोह नव्हे, काका. तुमच्या एकवीस विहिरींना पाणी आलं, हे मी अहवालात पान नऊवर लिहिलं आहे. ते ग्रामसेवकानं वाचलं नसेल. पण भोयांच्या नऊ घरांची जाळी खुंटीला लागली, तेही तिथेच आहे. त्या नऊ घरांपैकी कोणाला तुम्ही विचारलं होतं?

अब्बांना तुम्ही समजावलंत, हे खरं. आम्ही ते विसरलो नाही. पण त्याच्या बदल्यात मी नदीबद्दल खोटं लिहीन असं तेव्हा ठरलं नव्हतं.

माझ्या अहवालात एक चूक दाखवा. एकच. मी सही करून ती मान्य करीन.

नमरा मोईन शेख

●

पळसदरा, २ ऑक्टोबर २०२४

नमरा,

लय बोलता येते तुले. तुया वयाची असतानी आमची रुख्मिणी, म्हंजे तुयी काकू, दोन कोसावरून डोक्यावर पानी आनत होती. मे महिन्यात टँकरच्या मांगं बाया एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. तवा कोन्ता साहेब जांभयीची सावली मोजाले आला नाही. आता नळाले पानी आलं तं सारे आले, वही-पेन घेऊन.

नऊ घरं म्हनते. गावात चारशे घरं हायेत. चारशेची तहान मोठी का नऊ घरांचं जाळं मोठं, हे नागपूरले शिकवलं नाही वाटते.

अन् चूक दाखव म्हनते? घे, दाखवतो. तू आली पंधरा मेले. तीन दिवस आधी बंधाऱ्यातला मासा न् मासा तोंड वर काढून मेला होता. एक घमेलं नाही, दहा-बारा घमेली. ज्या पान्यातले मासे परवाच मेले, तिथं जायं टाकून 'शून्य' लिहाले कोन्ती अक्कल लागते? कोन्याही गुराख्यानं सांगितलं असतं. मासे होते म्हून तं मेले! म्हंजे माया खोलीकरनात मासे जगत होते. झाली चूक? कर आता सही.

मी तुया संस्थेच्या साहेबालेही चिठ्ठी टाकली हाये. अशा पोरीले गावागावात पाठवू नका म्हून.

रामराव गावंडे

●

कारंजा, ११ ऑक्टोबर २०२४

रामरावकाका,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं.

दहा-बारा घमेली मासे मेले, आणि १५ मेला मला काठावर एकही मेलेला मासा दिसला नाही. ते कोणी उचलले? कुठे टाकले?

त्या दिवशी तुम्ही स्वतः माझ्यासोबत बंधाऱ्यावर उभे होतात. चहा पाजलात. माझं जाळं बारा वेळा रिकामं येताना पाहिलंत. तेव्हा का नाही बोललात?

आणि कशानं मेले?

एवढ्या तीनच प्रश्नांची उत्तरं द्या.

नमरा

●

पळसदरा, ४ नोव्हेंबर २०२४

नमरा,

दिवाळीत घरी पाव्हने होते म्हून उशीर झाला.

गर्मीनं मेले. पानी कमी झालं, तापलं, मेले. उन्हाळ्यात हे होतच राह्यते, तुले पुस्तकातून समजत नसन. वास सुटला म्हून गड्यांनी खड्डा करून पुरले. तुले सांगितलं नाही कारन तू इचारलं नाही. सरकारी कामाले आलेल्या मानसाले आपन होऊन कोन काय सांगते?

एवढंच. आता हा विषय बंद.

अन् आयक. आता गावात पाय ठेवाचं काम नाही. आली तं मी आडवा येईन, हे आधीच सांगून ठेवतो. भोयांच्या घरी तं बिलकुलच जाऊ नको. संगीता बिमार बाई हाये, तिले उगाच तरास देऊ नको. तिचं डोकंही आता ठिकानावर राह्यत नाही. ती काही बोलली तरी ते धरून चालू नको.

रामराव

●

कारंजा, २१ नोव्हेंबर २०२४

रामराव गावंडे यांना,

तुम्ही सांगितलं नसतं, तर मी संगीताबाईंकडे गेले नसते. मला आठवलंही नसतं की १५ मेला जाळं टाकायला त्याच येणार होत्या आणि आल्या नव्हत्या. 'माहेरी गेली' असं तुम्हीच म्हणाला होतात.

मी रविवारी गेले. तुम्ही वावरात होतात, म्हणून आडवे आला नाहीत. संगीताबाई ओट्यावर बसल्या होत्या. मला पाणी द्यायला उठल्या आणि अर्धा पेला लुगड्यावर सांडला. दोन्ही हात कापतात त्यांचे.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"मे महिन्यापासून. उन लागलं होतं मले."

"उन लागून हात कापतात का, बाई?"

चुलीपाशी त्यांची मुलगी रीता भाकरी थापत होती. ती न वळताच बोलली. "आई, सांगून टाक. आपन कायले लपवाचं? आपन थोडीच टाकलं?"

मग त्या बोलल्या. जसं बोलल्या तसं लिहिते. "सकायी गेली तं सारे मासे तोंड वर काढून राह्यले. मले वाटलं, देवानंच देल्लं. छातीएवढ्या पान्यात उतरली, घंटाभर येचत होती. लखन काठावर उभा होता. 'काकू, निंघा बाहेर, निंघा' म्हने. काहून, ते नाही सांगितलं त्यानं. मंग डोयाले अंधारी आली अन् तोंडातून फेस."

पुढचं रीतानं सांगितलं. आदल्या रात्री लखन आणि त्याच्या दोस्तांनी पार्टीसाठी मासे पाहिजेत म्हणून बंधाऱ्यात फवारणीचं औषध ओतलं. तुमचा मुलगा लखन. ज्या पाण्यावर तुम्ही दोन महिने उन्हात उभे राहिलात, त्याच पाण्यात.

आता आपण दोघं कुठे आलो ते पाहा. माझा आकडा खोटा ठरवायचा, तर तुम्हाला लखनचं नाव घ्यावं लागेल. लखनला वाचवायचं, तर माझा आकडा खरा म्हणावा लागेल. म्हणून तुम्ही अडीच महिने फक्त शिव्या दिल्यात.

आणि माझंही लिहिते, कारण तुम्ही सही मागितली होती. १५ मेला बंधाऱ्यातला प्राणवायू बरा होता. पाणी चांगलं आणि मासे शून्य, हे का, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. मला ते शून्य आवडलं, म्हणून पडला नाही. संगीताबाईंकडून आल्यावरही मी चार दिवस कोणाला काही बोलले नाही. गप्प राहिले तर डोह वाचतो, हे मला कळत होतं. त्या चार दिवसांत मी तुमच्याहून फार वेगळी नव्हते. पण माझ्या गप्प राहण्यानं कोणाचे हात कापायला लागले नाहीत.

त्यांना दवाखान्यात तुम्ही नेलंत. डॉक्टरला काय सांगितलंत?

नमरा

●

पळसदरा, १ डिसेंबर २०२४

नमरा,

आली तू. मना केल्यावरही आली.

ठीक हाये, आयक. कारंजा अर्ध्या घंट्यावर हाये. मी तिले कारंज्याले नेलं नाही, तिथं सारे मले वयखतात. वाशीमले नेलं. डॉक्टरनं पयलंच इचारलं, "कोन्त्या औषधाशी संबंध आला का?" मी म्हनलो, नाही जी, उन लागलं. दुपारपर्यंत तिचा जीव जाते का राह्यते असं झालं, तवा सांगितलं की फवारनीच्या डब्यातून पानी पेली. चार घंटे. ते चार घंटे मी बाकावर बसून मोजले. तू मले नवीन काही सांगून नाही राह्यली.

लखन माया एकच हाये. त्याले वाटलं, मासे तेवढे बेशुद्ध होतात. कोनी बाई पान्यात उतरन हे त्याच्या सपनात नव्हतं. सव्वीस वर्साचा हाये, याच वर्सी लग्न ठरवाचं होतं. तुले लेकरू नाही. तुले हे समजनार नाही.

आता सवदा सांगतो. तुले डोह पाह्यजे. घे. तुयं शून्य तसंच राहू दे, मी एक अक्षर बोलनार नाही. पुढच्या कामाचा अर्ज मीच वापस घेतो. डोह तुले, लखन मले. संगीताबाईच्या घराकडं मी पाहून घेईन, मरेपर्यंत.

याच्यात तुयं काही जात नाही. तुले जे पाह्यजे होतं तेच भेटून राह्यलं. हो म्हन, अन् हे कागद जायून टाक.

रामराव

●

कारंजा, १८ डिसेंबर २०२४

रामरावकाका,

नाही.

मी गेल्या आठवड्यात पुन्हा मोजणी केली. पूल, बंधारा, डोह. या वेळी जाळं रीतानं टाकलं. तुम्हाला गावात कळलं असेलच, तुम्ही आडवे आला नाहीत. बंधाऱ्यात पाच जाती लागल्या, सगळे मासे लहान, पावसात वरून वाहून आलेले. डोहात अकरा. म्हणजे तुमचा पट्टा मेलेला नाही. अर्धा जिवंत आहे. मी तसं लिहून दिलं. 'आधीचा शून्याचा आकडा पाण्यात शेतीऔषध टाकल्यानंतर तीन दिवसांनी घेतलेला आहे. तो खोलीकरणाचा परिणाम समजू नये. ही चूक माझी.' खाली सही केली. प्रत सोबत जोडली आहे.

शून्याचा जो धाक असतो तो पाचाचा नसतो. डोह वाचवणं आता अवघड आहे, हे मला माहीत आहे. आमच्या साहेबांनी विचारलं, "म्हणजे पहिला अहवाल खोटा होता?" मी हो म्हटलं. तुमची चिठ्ठी त्यांच्या टेबलावर होतीच. पुढची नदी दुसऱ्याला दिली आहे.

औषध कोणी टाकलं, ते मी लिहिलेलं नाही. ते नदीच्या अहवालात बसत नाही. ते तुम्ही ठाण्यात जाऊन सांगायचं आहे. मी एक जानेवारीपर्यंत थांबते. नंतर संगीताबाई आणि रीताला घेऊन मी जाईन, आणि तुमची सगळी पत्रं घेऊन जाईन. कागदावर लिही, सही करून, असं तुम्हीच म्हणाला होतात.

मला लेकरू नाही, हे खरं. संगीताबाईंना आहे. ती आता आईला भाकरीचा घास भरवते.

नमरा

●

पळसदरा, २८ जानेवारी २०२५

नमरा,

तुले गावच्या सभेले तुया साहेबानं येऊ देल्लं नाही, हे समजलं. म्हून जे झालं ते लिहितो. दुसऱ्या कोनाकडून वाकडंतिकडं आयकू नको.

तीस डिसेंबरले मी लखनले घेऊन ठान्यात गेलो. तुया धमकीनं गेलो, खोटं कायले बोलू. ठान्याच्या दारात तो बोलला, "बाबा, त्या दिवसी तुमीच म्हनले होते, तोंड उघडू नको. मी सांगनार होतो." साहेबासमोर त्यानं सारं सांगितलं. मंग मी मायं सांगितलं, दवाखान्यातलं, पुरलेल्या मास्यांचं. आता दोघांवरही केस हाये. तो जमानतीवर सुटला अन् सिध्धा केनवडले मामाच्या घरी गेला. रुख्मिणी मले जेवन वाढते, पन बोलत नाही. लखनच्या लग्नाची बोलनी मोडली. हे सारं तुया एका पानानं झालं असं मले अजूनही वाटते. नाही हे समजते, तरी वाटते. तू माया दारात येऊ नको.

सव्वीस तारखेले ग्रामसभा झाली. ग्रामसेवकानं तुया नवीन अहवाल वाचला. या वेळी पान नऊही वाचाले लावलं मी. मंग मी उभा राह्यलो अन् बोललो, की डोहापर्यंत खोलीकरन झालंच पाह्यजे. मायं मत बदललं नाही. पानी पयले, मासे मंग. लोकं कुजबुजत होते, की याच्यावर केस हाये अन् हा बोलून राह्यला. मी बोललो.

हात मोजले. बाजूनं एकशे अठरा, त्यात माया एक. ठराव झाला. मशीन वीस फेब्रुवारीले येते. त्याच्या आधी डोहातली मरळ काढून दुसरीकडं सोडाची असन तं सोड, मी कोनाले अडवू देनार नाही. एवढंच मायाकडून.

विरोधातले हात मोजतानी संगीताबाई मांगं बसली होती, बायांमंधी. तिनं हात वर केला. तो राह्यना. वर जाये अन् खाली पडे. रीता तवा बाहेर गेली होती. ग्रामसेवक बोट दाखवत मोजत गेला, बावीस म्हनला अन् वही बंद कराले लागला. दोन-चार पोट्टे हासले.

मी उठून मांगं गेलो. तिच्या बाजूले खाली बसलो अन् कोपरापासून तिचा हात धरून वर केला. तिनं मायाकडं पाह्यलं नाही. हात माया हातातही कापत होता.

ग्रामसेवक म्हनला, "रामरावजी, तुमचा हात तं आधीच मोजला."

मी म्हनलो, "हा माया नाही. तिचा हाये. मोज."

त्यानं वही उघडली. तेवीस लिहिलं.

रामराव गावंडे